लॅपटॉप दुरुस्तीला देताना पासवर्ड मॅनेजरचं काय करायचं?

मोगरी

नमस्कार मंडळी. माझ्या लॅपटॉपचं डावीकडचं बिजागर तुटलं आहे. झाकण उघडलं की स्क्रीनच्या कडेची पट्टी उचकटते आणि आतली वायर दिसते. सर्व्हिस सेंटरला दाखवलं, तर झाकणाचा पूर्ण भाग बदलावा लागेल आणि आठवडाभर मशीन ठेवून घ्यावं लागेल म्हणाले. त्यांच्या जॉबशीटवर सीरियल नंबरच्या खालीच 'लॉगिन पासवर्ड / पिन' असा रकाना आहे. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, तो भरल्याशिवाय एंट्री होत नाही. मी लॅपटॉप न देता परत आले.

घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड माझ्याकडे असतात. आईचं पेन्शनचं खातं, बाबांचं डीमॅट, मुलीच्या शाळेचं पोर्टल, माझं ऑफिस, सगळं बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरमध्ये. क्रोममध्ये त्याचं एक्स्टेन्शन आहे, ते मी चार आकडी पिनने उघडते. काही जुने पासवर्ड खुद्द क्रोममध्येही सेव्ह आहेत. विंडोज ११ आहे. देताना बिटवॉर्डन लॉक करून दिलं तर पुरे का? की काढूनच टाकू?

कातळशिल्प

मोगरीताई, लॉक नको, लॉग आउट करा. आणि त्या रकान्यात पिन लिहू नका.

लॉक केल्यावर व्हॉल्टची, म्हणजे तुमच्या पासवर्डांच्या तिजोरीची, एन्क्रिप्ट केलेली (किल्लीशिवाय न वाचता येणारी) प्रत लॅपटॉपच्या डिस्कवरच राहते. मास्टर पासवर्ड, म्हणजे तिजोरी उघडणारा मुख्य पासवर्ड, भक्कम असेल तर नुसती ती प्रत कुणाच्या हाती लागून काही होत नाही. पण तुम्ही पिन वापरता. पिन ठेवताना बिटवॉर्डन एक चौकोन दाखवतं: ब्राउझर पुन्हा सुरू झाल्यावर मास्टर पासवर्ड मागायचा का? तिथली टिक काढलेली असेल, तर पिनने उघडणारी किल्ली डिस्कवरच साठवलेली असते. एक्स्टेन्शनमध्ये पाच वेळा पिन चुकला की ते आपणहून लॉग आउट होतं, पण फाइल कॉपी करून नेणाऱ्याला ही मर्यादा लागू नाही. चार आकड्यांच्या १०,००० जोड्या तपासणं कॉम्प्युटरला किरकोळ काम आहे. 'व्हॉल्ट टाइमआउट' (किती वेळाने आपोआप लॉक व्हायचं) जर 'नेव्हर'वर असेल तर चोराला पिनचीही गरज उरत नाही, कारण मग किल्ली डिस्कवर तशीच पडून असते.

लॉग आउट केलं की ही स्थानिक प्रत पुसली जाते. सर्व्हरवरचा डेटा आणि फोनमधलं अॅप दोन्ही जिथल्या तिथे राहतात. एक्स्टेन्शन काढायचं असेल तर जरूर काढा, फक्त आधी लॉग आउट करा.

मात्र मला जास्त काळजी त्या जॉबशीटची वाटते. विंडोजच्या पिनने फक्त विंडोज उघडत नाही. क्रोममध्ये सेव्ह केलेल्या पासवर्डपुढचा डोळा दाबला की क्रोम काय विचारतं? विंडोजचाच पिन. बिटवॉर्डनला विंडोज हॅलो (बोट, चेहरा किंवा पिनने आत जायची विंडोजची सोय) जोडलेलं असेल तर बोटाऐवजी तोच पिन चालतो. विंडोजमध्ये ठेवलेल्या पासकी (पासवर्डऐवजी वापरायच्या डिजिटल किल्ल्या) त्याच पिनने वापरता येतात. घराच्या किल्लीच्या जुडग्यातच कपाटाचीही किल्ली अडकवून द्यावी, तसं आहे हे. आणि जीमेल, व्हॉट्सअॅप वेब तर उघडीच असतात. तिथे पासवर्ड लागतच नाही. ईमेल उघडलं की बाकीच्या निम्म्या खात्यांचे पासवर्ड 'विसरलो' म्हणून बदलून घेता येतात.

दुरुस्तीवाला

माझं कोल्हापुरात लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून आमची बाजू सांगतो.

पिन मागण्यामागे बहुतेक वेळा वाईट हेतू नसतो. झाकण बदललं की डिस्प्ले, कॅमेरा, माइक आणि वायफाय तपासावं लागतं, कारण वायफायच्या अँटेनाच्या वायरी बऱ्याच मॉडेलमध्ये झाकणातूनच जातात. गिऱ्हाईक घरी जाऊन 'कॅमेरा बंद पडला, तुम्हीच बिघडवला' म्हणायला नको, म्हणून विंडोज उघडून बघतात. पण त्यासाठी तुमचं खातं लागत नाही. डेल सुरू करताना एफ१२ आणि एचपी सुरू करताना एफ२ दाबलं की कंपनीचीच हार्डवेअर तपासणी मिळते. बाकीचं आम्ही आमच्या पेन ड्राइव्हवरून सिस्टिम चालू करून बघू शकतो.

खरा त्रास पुढे आहे. पुष्कळ ठिकाणी पिन चिकटपट्टीवर लिहून झाकणालाच लावतात. तो लॅपटॉप टेबलावर, रॅकवर, कुरिअरच्या खोक्यात जातो आणि दुकानातला प्रत्येक माणूस ती पट्टी वाचू शकतो. माझ्याकडे मी हे बंद केलं आहे.

तुमच्या कामासाठी सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे एसएसडी, म्हणजे तुमचा सगळा डेटा असलेली डिस्क, काढून घ्या. झाकण बदलायला ती लागतच नाही. बोटभर लांबीची पट्टी असते, एका स्क्रूवर बसलेली. वॉरंटी असेल तर स्वतः खोलू नका. काउंटरवर त्यांच्याच माणसाला समोर काढून द्यायला सांगा आणि जॉबशीटवर 'एसएसडी ग्राहकाकडे' असं लिहून घ्या. अगदी पातळ मॉडेलमध्ये आणि हल्लीच्या मॅकबुकमध्ये ती बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तिथे हा मार्ग बंद.

एसएसडी काढत नसाल तर एक वेगळं खातं तयार करून द्या. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग अदर यूजर्स, तिथे मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवायचा पर्याय निवडायचा. नाव 'सर्व्हिस' ठेवा, साधा पासवर्ड द्या. ते 'स्टँडर्ड'च राहू द्या. समोरच्याने अॅडमिनिस्ट्रेटर मागितलं तर कशासाठी ते विचारा. बिजागरासाठी लागत नाही.

कातळशिल्प

दुरुस्तीवाले दादा, फार उपयोगी माहिती. त्यात एक भर घालतो. डिस्क एन्क्रिप्ट नसेल तर वेगळ्या खात्याचा आडोसा तोकडा पडतो. पेन ड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालू केली की विंडोजच्या परवानग्या कुणी जुमानत नाही, सगळी फोल्डरं उघडी.

म्हणून मोगरीताई, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' चालू आहे का बघा. चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घरी ठेवा. दुरुस्तीत कुणी बायोसमधलं (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमधलं) सिक्युअर बूट बदललं, किंवा मदरबोर्ड बदलला, तर परत आलेला लॅपटॉप पहिल्यांदा तीच मागतो. की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, पण त्या अकाउंटचा पासवर्ड व्हॉल्टमध्ये आणि व्हॉल्ट फक्त त्याच लॅपटॉपवर, असं व्हायला नको.

मदरबोर्डवरून आठवलं. फक्त त्या लॅपटॉपच्या विंडोज हॅलोमध्ये असलेली पासकी त्या बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षा चिपला बांधलेली असते. बोर्ड गेला की पासकी गेली. अशी खाती आधी शोधा आणि त्यांना फोनवर दुसरी पासकी जोडून ठेवा.

मेपलखाली

मी कॅनडात ऑन्टारिओमध्ये असते. इथल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं, तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅपटॉपमध्ये फक्त आवाज बंद करून ठेवला, म्हणजे दुरुस्तीला कुठलीही खाजगी फाइल उघडायची गरज पडू नये, आणि आत काय काय उघडलं जातं याची गुपचूप नोंद ठेवली. असे लॅपटॉप १६ दुकानांत दिले. सहा ठिकाणी तंत्रज्ञांनी खाजगी माहिती उघडून पाहिली होती आणि त्यांतल्या दोन ठिकाणी ती कॉपीही केली होती. काहींनी आपण पाहिल्याच्या खुणाही पुसल्या होत्या. स्त्रियांचे म्हणून दिलेले लॅपटॉप जास्त उघडले गेले. त्याच अभ्यासात बॅटरी बदलायलाही बहुतेक सगळ्या दुकानांनी पासवर्ड मागितला होता.

दुरुस्तीवाल्या दादांसारखी माणसं सगळीकडे आहेत, याबद्दल मला शंका नाही. पण समोरचा कसा आहे हे काउंटरवर कळत नाही, म्हणून पिन न देणं हा अविश्वास मानला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. फोनमध्ये निदान सोय तरी आली आहे. सॅमसंगने २०२२ मध्ये मेंटेनन्स मोड आणला, पुढच्या वर्षी गूगलने पिक्सेलमध्ये रिपेअर मोड दिला. तो चालू केला की तंत्रज्ञाला कोरा फोन दिसतो आणि आपलं सगळं झाकलेलं राहतं. विंडोजमध्ये असं एक बटण अजून नाही, सगळं हाताने करावं लागतं.

वहीखाते

मी सीए आहे, अशिलांचे पासवर्ड सांभाळावे लागतात. मी कीपास हा दुसरा पासवर्ड मॅनेजर वापरतो, त्यामुळे माझं गणित थोडं वेगळं आहे.

कीपासमध्ये लॉग आउट असा प्रकार नाही. सगळं एका केडीबीएक्स फाइलमध्ये असतं. ती फाइल आणि वापरत असाल तर की फाइल (मास्टर पासवर्डसोबत किल्ली म्हणून लागणारी वेगळी फाइल), दोन्ही पेन ड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या मशीनवर उघडून खात्री करा आणि मगच लॅपटॉपवरून काढा. ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सचं फोल्डर लॅपटॉपवर सिंक होत असेल तर तिथेही एक प्रत असते. तिथे मात्र नुसती डिलीट करू नका, क्लाउडमधूनही जाईल. आधी त्या लॅपटॉपचं सिंक तोडा.

दुसरी गोष्ट मेमरीची. २०२३ मध्ये कीपास २ मध्ये एक भोक सापडलं होतं. मास्टर पासवर्ड टाइप करताना त्याचे अवशेष मेमरीत राहायचे आणि पहिलं अक्षर सोडून जवळजवळ सगळा पासवर्ड जुळवता यायचा. मशीन चालू असण्याचीही गरज नव्हती, हायबरनेशनच्या फाइलमधूनही (मशीन झोपताना मेमरी डिस्कवर उतरवते ती) ते निघायचं. २.५४ आवृत्तीत हे दुरुस्त झालं. कीपासएक्ससी हे वेगळं सॉफ्टवेअर आहे, त्यात हा दोष नव्हता. पण धडा सगळ्यांनाच लागू आहे: व्हॉल्ट उघडा असताना लॅपटॉप स्लीप किंवा हायबरनेट करून देऊ नका. व्हॉल्ट बंद करा, एकदा रीस्टार्ट करा, नंतर काहीही न उघडता शिफ्ट दाबून शट डाउन करा. शिफ्टमुळे विंडोजचं फास्ट स्टार्टअप टळतं आणि मशीन खरोखर बंद होतं.

आणि कृपा करून डाउनलोड्स फोल्डर उघडून बघा. माझ्या अनुभवात घोटाळा तिथेच सापडतो. एका मॅनेजरमधून दुसऱ्यात जाताना केलेली सीएसव्ही फाइल तिथे असते आणि तिच्यात सगळे पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेले असतात. एक्सेलमध्ये उघडा, रांगेत दिसतात. वनपासवर्ड वापरणाऱ्यांची इमर्जन्सी किटची पीडीएफ तिथे असते, तिच्यात खातं उघडायला लागणारी सीक्रेट की छापलेली असते. दोन टप्प्यांच्या लॉगिनचे बॅकअप कोड 'बॅकअप कोड्स' अशाच नावाने सेव्ह केलेले असतात. हे सगळं घरच्या पेन ड्राइव्हवर हलवा, मग रीसायकल बिनही रिकामा करा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून डिलीट केलेली फाइल परत काढता येते, त्यामुळे अशी सीएसव्ही तिथे बराच काळ पडून असेल तर त्यातले बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदललेले बरे.

निवृत्त मास्तर

चर्चा फार चांगली चालली आहे. मला हे वेगळे मॅनेजर येत नाहीत. माझे सगळे पासवर्ड क्रोममध्येच आहेत. ते लॅपटॉपवरून पुसून टाकले आणि नंतर पुन्हा आणले, असं जमेल का? फोनवरही तेच खातं आहे.

कातळशिल्प

मास्तर, जमेल, पण एक जागा जपून. क्रोममध्ये 'डिलीट ब्राउझिंग डेटा' उघडून पासवर्डवर टिक केली आणि सिंक चालू असलं, तर पासवर्ड तुमच्या गूगल खात्यातूनही जातील आणि फोनवरूनही. तसं करू नका.

आधी फोनमध्ये क्रोमच्या सेटिंग्जमधला पासवर्ड मॅनेजर उघडा आणि तिथे सगळे पासवर्ड दिसतात ना, ते बघा. चार-दोन ओळखीची नावं शोधून बघितली तरी चालेल. मग लॅपटॉपवर उजवीकडे वर तुमच्या फोटोचं वर्तुळ दाबून तिथून पूर्ण प्रोफाइलच डिलीट करा. प्रोफाइल लॅपटॉपवरून जातं, गूगल खात्यातलं तसंच राहतं. लॅपटॉप परत आला की त्याच खात्याने क्रोममध्ये साइन इन केलं की सगळं परत येतं. सिंक मुळातच बंद असेल तर मात्र थांबा, कारण मग पासवर्ड फक्त लॅपटॉपवरच आहेत.

फायरफॉक्सवाल्यांसाठी: तिथे प्रायमरी पासवर्ड लावला नसेल तर प्रोफाइलचं फोल्डर कॉपी करून नेलं की पासवर्ड वाचता येतात. निदान तो तरी लावा.

रानजाई

माझी अडचण वेगळी आहे. माझा लॅपटॉप चालूच होत नाही, चार्जिंगचा दिवा लागतो आणि पुढे काही नाही. मी लॉग आउट कशी करणार? मीही बिटवॉर्डनच वापरते. मास्टर पासवर्ड लांब आहे, पिन ठेवलेला नाही.

कातळशिल्प

रानजाई, तुमची स्थिती तशी बरी आहे. डिस्कवर फक्त एन्क्रिप्ट केलेली प्रत आहे आणि ती उघडायला मास्टर पासवर्डच लागेल.

दुसऱ्या कुठल्याही विश्वासाच्या ब्राउझरमधून बिटवॉर्डनच्या वेबसाइटवर जा. सेटिंग्जमध्ये खाली 'डीऑथराइझ सेशन्स' आहे. त्याने सगळ्या उपकरणांवरचं लॉगिन तुटतं. गूगल खात्यातही 'युअर डिव्हायसेस'मध्ये जाऊन त्या लॅपटॉपला साइन आउट करा, व्हॉट्सअॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून काढा. लॅपटॉप दुकानात दुरुस्त होऊन नेटला जोडला गेला तरी तुमची खाती उघडणार नाहीत.

एक गैरसमज टाळा. आता मास्टर पासवर्ड बदलला म्हणून डिस्कवरची जुनी प्रत बदलत नाही, ती जुन्याच पासवर्डने उघडते. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या व्हॉल्टच्या प्रती चोरीला गेल्या तेव्हा वापरकर्त्यांची हीच अडचण झाली होती. म्हणून जुना पासवर्ड कच्चा असेल तर आतल्या महत्त्वाच्या खात्यांचे पासवर्ड बदलावे लागतात: आधी ईमेल, मग बँक.

वहीखाते

मोगरीताई, लॉग आउट करण्याआधी परत आत कसं जाणार हे पक्कं करा. ज्यांनी दोन टप्प्यांचं लॉगिन लावलेलं नाही, त्यांना २०२५ पासून बिटवॉर्डन नव्या उपकरणावर ईमेलने कोड पाठवतं. ईमेलचा पासवर्ड व्हॉल्टमध्येच असेल आणि फोनवर ईमेल चालू नसेल तर माणूस दोन्हीकडून बाहेर. दोन टप्पे लावलेले असतील तर रिकव्हरी कोड कागदावर हवा. मास्टर पासवर्डही कागदावर लिहून कपाटात ठेवायला हरकत नाही, घरातल्या कपाटापर्यंत इंटरनेटवरचा चोर पोचत नाही. फक्त तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत नको.

मोगरी

सगळ्यांचे खूप आभार. शनिवारी सगळं केलं. टाइमआउट 'नेव्हर' नव्हता, पण पिनच्या चौकोनात टिक नव्हती, म्हणजे कातळशिल्प यांनी सांगितलेली स्थितीच. डाउनलोड्समध्ये लास्टपासमधून आणलेली जुनी सीएसव्हीही निघाली. आधी फोनवर बिटवॉर्डन पूर्ण लॉग आउट करून पुन्हा आत गेले, मग लॅपटॉपवरचं काढलं.

सर्व्हिस सेंटरला एसएसडी काढायला नाही म्हणाले, वॉरंटीत मशीन पूर्णच जमा करावं लागतं म्हणे. मग 'सर्व्हिस' खातं दिलं आणि त्या रकान्यात 'मालकाचा पिन दिलेला नाही, तपासणी सर्व्हिस खात्यातून' असं लिहून सही घेतली. सिस्टिमने एंट्री घेतली. मुलगा म्हणाला, असं लिहिलेलं त्यानेही पहिल्यांदा पाहिलं. लॅपटॉप परत आल्यावर काय काय बघू?

दुरुस्तीवाला

उत्तम केलंत. परत आल्यावर लगेच बिटवॉर्डनमध्ये जाऊ नका. आधी काउंटरवर कॅमेरा आणि वायफाय त्यांच्यासमोर तपासा. घरी आल्यावर 'सर्व्हिस' खातं काढून टाका. मग इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमची यादी तारखेने लावा आणि तुमच्या माघारी काय आलं ते बघा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअरसारखं दुरून मशीन चालवणारं काही असेल तर काढा. क्रोममधली एक्स्टेन्शन बघा. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'ऑफलाइन स्कॅन' आहे, तो चालवा. कीबोर्डवरची अक्षरं टिपणारं काही आत असेल तर मास्टर पासवर्ड टाइप केल्याक्षणी सगळी मेहनत वाया, म्हणून हा क्रम पाळा. विंडोज नव्याने टाकून आलं असेल आणि कुणी टाकलं हे माहीत नसेल, तर मी तरी पुन्हा स्वतः टाकून घेईन.

निवृत्त मास्तर

एक शेवटचं विचारतो. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क खराब निघाली. दुकानदाराने नवी घातली. जुनी 'डेड आहे, काय करणार घेऊन' म्हणून त्यांनीच ठेवली. काही धोका आहे का?

दुरुस्तीवाला

मास्तर, आजच जाऊन मागून आणायला सांगा. दुकानाच्या भाषेत डेड म्हणजे विंडोज चालू होत नाही एवढंच बऱ्याचदा असतं. सर्किट बदलून किंवा दुसऱ्या मशीनला जोडून त्यातला डेटा वाचता येतो, आमच्याकडे डेटा काढून द्यायची कामं अशाच डिस्कवर होतात. वॉरंटीत बदललेली डिस्क कंपनी परत घेते, पण डेलसारख्या काही कंपन्या जास्तीचे पैसे घेऊन ती ग्राहकाकडे ठेवू देतात. बाहेर पैसे देऊन बदलली असेल तर जुनी डिस्क भाच्याचीच आहे. ती देत नसतील किंवा भंगारात गेली म्हणत असतील, तर त्याने आज संध्याकाळीच क्रोममधले सेव्ह पासवर्ड बदलायला बसावं, ईमेलपासून सुरुवात करून. डिस्क मिळाली तर मला कळवा, ती कशी मोडायची ते सांगतो.